चूर्णाचं गिऱ्हाईक दवाखान्यात तयार होतं

युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१९ साली डिप्रेशनच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात एक वाक्य घालायला लावलं. या गोळ्यांमुळे निर्माण झालेल्या लैंगिक तक्रारी काही जणांमध्ये गोळ्या बंद केल्यानंतरही टिकून राहतात, अशा अर्थाचं ते वाक्य. २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यानं तीच दखल घेतली. अमेरिकेत तर फ्लुओक्सेटिन या गोळीच्या माहितीपत्रकात २०११ पासूनच अशी नोंद आहे.

एवढं सगळं छापून झालेलं असताना आपल्याकडचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा डॉक्टरसमोर बसतो. खालमानेनं सांगतो की गोळ्या बंद करून वर्ष झालं, पण खाली काही जाणवतच नाही. त्याला उत्तर मिळतं, ‘मनातून काढून टाका, लग्न झालं की सगळं सुरळीत होईल.’ तो बाहेर येतो, दवाखान्याच्या जिन्यातच मोबाइल काढतो आणि अश्वगंधा, सफेद मुसळी, शिलाजित असं सगळं एका डबीत घातलेलं काहीतरी मागवतो.

त्या डबीवर मी बोलणार आहे. पण त्या जिन्यापर्यंत त्याला कोणी पोहोचवलं, हे आधी.

एसएसआरआय या गटातल्या गोळ्या आज घराघरात आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन. १९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेनं फ्लुओक्सेटिनला मान्यता दिली आणि ‘प्रोझॅक’ हे नाव जगभर झालं. या गोळ्यांनी असंख्य माणसं वाचवली आहेत, आणि ज्याला त्या लागू पडल्या त्याच्या घरच्यांना विचारा, ते हात जोडून सांगतील. त्यामुळे हा लेख वाचून कोणी गोळ्या बंद करणार असेल तर त्यानं इथंच थांबावं आणि आधी आपल्या डॉक्टरला फोन करावा. अचानक गोळ्या सोडल्या की चक्कर, झोप उडणं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, आणि मूळ आजार उलटणं, यांपैकी काहीही होऊ शकतं.

पण याच गोळ्या लैंगिक सुखावर बोळा फिरवतात, हेही तितकंच खरं. स्पेनमध्ये २००१ साली १०२२ रुग्णांना डॉक्टरांनी थेट प्रश्न विचारले. ५९ टक्के लोकांनी काही ना काही लैंगिक तक्रार सांगितली. इथं ‘थेट विचारले’ हे महत्त्वाचं, कारण न विचारता आपणहून सांगणारे फार थोडे असतात. आणि हा परिणाम किती खात्रीचा आहे बघा: शीघ्रपतनावर पॅरॉक्सेटिन दिली जाते, आणि याच जातीची डॅपॉक्सेटिन तर खास त्यासाठीच बाजारात आहे. म्हणजे ज्या परिणामाचा आपण औषध म्हणून उपयोग करतो, तोच परिणाम रुग्णानं तक्रार म्हणून सांगितला की तो ‘मनाचा खेळ’ ठरतो. हे मला पटत नाही. कोणालाही पटू नये.

बहुतेकांचं गोळ्या संपल्यावर पूर्ववत होतं. काहींचं होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या हकीकती २००६ पासून येऊ लागल्या, आणि त्या अवस्थेला पीएसएसडी (पोस्ट-एसएसआरआय सेक्शुअल डिसफंक्शन) हे नाव पडलं. इच्छा पार जाते. ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. परमोच्च क्षण येतो पण त्यात सुखच नसतं. आणि जननेंद्रियाच्या कातडीला बधिरपणा येतो. हा बधिरपणा लक्षात ठेवा. डिप्रेशनमध्ये इच्छा जाते हे मान्य, पण नुसत्या डिप्रेशननं तिथली कातडी बधिर होत नाही. ‘हा तुमचा जुना आजारच आहे’ असं म्हणून फाइल मिटवणाऱ्या डॉक्टरांनी या एका लक्षणाकडे तरी बघावं. इस्रायलमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोळ्या बंद केल्यानंतरही ताठरतेची तक्रार टिकून राहण्याचं प्रमाण २१६ पुरुषांमागे एक असं निघालं. तो आकडा फक्त पुरुषांचा आहे आणि फक्त एका लक्षणाचा. बधिरपणा त्यात मोजलेला नाही, बायका तर नाहीतच.

हे कशामुळे होतं, यावर तर्क पुष्कळ आहेत, सिद्ध एकही नाही. सिद्ध झालेला उपचारही नाही. आणि उपचार नाही हे सांगायला अवघड जातं म्हणून आजारच नाही असं सांगितलं जातं. चूर्णवाल्याचं गिऱ्हाईक तयार होतं ते इथं. ज्या माणसाला पांढऱ्या कोटातल्या माणसानं खोटं ठरवलं, त्याला ‘तुमचा त्रास आम्हाला माहीत आहे’ असं म्हणणारा पहिला माणूस जाहिरातीत भेटतो. त्या एका वाक्यासाठी तो पैसे मोजतो.

आता डबी उघडू.

पाकिटावर ‘संशोधनानं सिद्ध’ असं लिहिलेलं असतं. ते संशोधन कोणतं? जिंकोची गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळ्या गोष्टी तिच्याच वळणाच्या आहेत. १९९८ साली अमेरिकेत डिप्रेशनच्या गोळ्यांमुळे लैंगिक तक्रारी असलेल्या लोकांना जिंको या झाडाच्या पानांचा अर्क दिला गेला. ८४ टक्के लोकांना फरक पडला, असा निष्कर्ष आला. केवढा मोठा आकडा! फक्त त्या चाचणीत तुलनेसाठी बिनऔषधी गोळी घेणारा गट नव्हता. पुढच्या काही वर्षांत कोरियात, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत असा गट ठेवून चाचण्या झाल्या, तेव्हा जिंको घेणारे आणि नुसती पिठाची गोळी घेणारे यांच्यात फरक उरला नाही. मग त्या ८४ टक्क्यांना बरं का वाटलं? माझा अंदाज असा की कोणीतरी त्यांना पहिल्यांदाच बसवून, न हसता, न लाजवता, सगळं विचारलं. शिवाय हा त्रास रोज सारखा नसतो. एखादा आठवडा जरा बरा जातो, आणि त्या आठवड्यात जे काही पोटात गेलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. जिंको आजही विकलं जातं, आणि विकणारा १९९८ चाच आकडा सांगतो.

पेरूमधली माका ही मुळी घ्या. २००८ साली बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती तपासली. माणसं वीस. एका गटाला दिवसाला दीड ग्रॅम, दुसऱ्याला तीन ग्रॅम. तीन ग्रॅमवाल्यांना जास्त फरक वाटला. प्राथमिक चाचणी म्हणून ठीक आहे, आणि करणाऱ्यांनीही तिला प्राथमिकच म्हटलं होतं. केशर त्यातल्या त्यात बरं उतरलं. तेहरानमध्ये फ्लुओक्सेटिन घेणाऱ्या पुरुषांना आणि बायकांना वेगवेगळ्या चाचण्यांत रोज तीस मिलिग्रॅम केशर चार आठवडे दिलं, तुलनेचा गटही ठेवला. पुरुषांच्या ताठरतेत सुधारणा दिसली. बायकांच्या काही तक्रारी कमी झाल्या, पण इच्छा आणि परमोच्च सुख यांत फरक पडला नाही. दोन्ही चाचण्यांत माणसं चाळिसाच्या आत.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, जी एकही पाकीट सांगत नाही. या सगळ्या चाचण्या गोळ्या चालू असलेल्या लोकांवर झाल्या आहेत. गोळ्या थांबवून वर्षं उलटली तरी ज्यांचं काही परतलेलं नाही, त्यांच्यावर कोणतंही चूर्ण, कोणताही अर्क, कोणतंही केशर गुणकारी ठरल्याचा पुरावा नाही. गोळी चालू असतानाचा परिणाम आणि गोळी संपल्यावर राहिलेला परिणाम ही दोन वेगळी दुखणी असण्याची दाट शक्यता आहे. एकाचं संशोधन दुसऱ्याच्या डबीवर चिकटवणं ही फसवणूक आहे, आणि मी तिला दुसरं कुठलंही नाव द्यायला तयार नाही.

‘आमचं आयुर्वेदिक आहे, ग्रंथोक्त आहे’ हे पुढचं उत्तर. माझं वैद्यांशी भांडण नाही. वाजीकरण हे अष्टांग आयुर्वेदातलं एक अंग आहे, चरकाच्या चिकित्सास्थानात त्याला स्वतंत्र अध्याय आहे. पण सर्ट्रालिन सोडल्यावर बधिरपणा राहिलेला रुग्ण चरकासमोर कधी आला नव्हता. त्यामुळे ‘ग्रंथोक्त’ हा इथं पुरावा होऊ शकत नाही, आणि नाडी धरणारा, तासभर विचारपूस करणारा कुठलाही प्रामाणिक वैद्य हे मान्य करील. ग्रंथातल्या योगांना परवाना घेताना परिणामकारकतेच्या चाचण्या सादर कराव्या लागत नाहीत. परवाना क्रमांक म्हणजे गुण येण्याची हमी नाही, एवढं गिऱ्हाइकानं ध्यानात ठेवावं.

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलिएनम. मराठी माणसाला तिचा अभिमान वाटायला हरकत नाही. तिच्या नावावर रुग्णांना लुबाडलं जातं याची मात्र लाज वाटली पाहिजे.

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, हा समज तर फार महागात पडतो. खाजकुयलीच्या बिया, ज्या कवचबीज म्हणून विकल्या जातात, त्यांत एल-डोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते वेगळं काढून दाखवलं. एल-डोपा म्हणजे कंपवाताचं औषध, मेंदूवर थेट काम करणारं. ज्याच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत किंवा नुकतेच संपलेत, त्यानं ते डॉक्टरला न सांगता खाणं धोक्याचं आहे. त्यानं भास होऊ शकतात, भ्रम उसळू शकतो. अश्वगंधेनं यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतातल्याच यकृततज्ज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी डेन्मार्कनं अश्वगंधेवर बंदी घातली. बंदी घालावी की नाही यावर वाद होऊ शकतो. पण डोळे पिवळे झाले तरी ‘चूर्णानं काही होत नाही’ म्हणत ते चालू ठेवणाऱ्यांशी वाद घालायला वेळ नसतो. परदेशातल्या आपल्या मुलांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. तिकडे सेंट जॉन्स वर्ट आणि फाइव्ह-एचटीपी दुकानात सहज मिळतं. ते एसएसआरआय चालू असताना घेतलं तर सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळ आणि वेळप्रसंगी जीवावर बेतणं, इथपर्यंत जाऊ शकतं.

आणि जी डबी खरंच ‘लागू पडते’, तिची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. अमेरिकी औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात ७७६ पूरक उत्पादनांमध्ये लपवलेली ॲलोपॅथिक औषधं सापडली. त्यांतली जवळजवळ निम्मी लैंगिक शक्तीसाठी विकली जाणारी होती, आणि त्या निम्म्यांत सर्वाधिक वेळा सापडलं ते सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात जर हे नकळत गेलं, तर रक्तदाब कोसळून तो तिथंच जाऊ शकतो. ‘जडीबुटीनं तासाभरात गुण’ असं कोणी सांगितलं तर त्या तासाभराचा संशय घ्या. मुळ्या तासाभरात काम करत नाहीत.

कायदा आहे. १९५४ चा. औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. त्याच्या तिसऱ्या कलमात लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याची किंवा वाढवण्याची जाहिरात करायला स्वच्छ मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ रंगवणाऱ्यांनी तो सत्तर वर्षं मोडला, आता मोबाइलवरचे मोडतात. शब्द तेवढे बदललेत: जोश, स्टॅमिना, पुरुषांचं आरोग्य. हे थांबवण्याचे अधिकार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहेत. दिवाळीत खव्यावर धाडी पडतात, त्याच्या बातम्या आपण वाचतो. या डब्यांवर अशीच मोहीम एकदा तरी काढा. नमुने घ्या, सिल्डेनाफिल तपासा, जे निघेल ते नावानिशी प्रसिद्ध करा.

डेव्हिड हीली या मानसोपचारतज्ज्ञाच्या गटानं २०१७ साली या अवस्थेवर इलाज शोधणाऱ्याला एक लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. ज्याच्याकडे खात्रीचा इलाज आहे त्यानं चाचणीचे कागद घेऊन पुढे यावं. पंधराशे रुपयांच्या डब्या विकत बसायची त्याला गरज नाही.

या डब्यांच्या सगळ्या जाहिराती पुरुषांच्या. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी सर्ट्रालिन सुरू झालेली बाई आपल्याकडे कुठेच दिसत नाही. तिला कातडीचा बधिरपणा आला, सुख नाहीसं झालं, तर ती कोणाला सांगणार? सासूला? नवऱ्याला, जो आधीच ‘गोळ्या किती दिवस’ विचारतोय? तिला डॉक्टर विचारत नाही, कारण बाईनं त्याबद्दल तक्रार करावी अशी अपेक्षाच नाही. ती संसार रेटते, आणि दहा वर्षांनी तिला वाटतं की आपण मुळातच थंड आहोत. ही आपल्या समाजानं तिच्या सुखाची केलेली जबरी चोरी आहे. तिच्याकडे तर चूर्णवालाही फिरकत नाही.

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. वाचक त्यांना लैंगिक अडचणी लिहून विचारत, ते छापून उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळालं पाहिजे, यासाठी या दोघांनी बदनामी आणि हार पत्करली. त्यांच्या महाराष्ट्रात, नव्वद वर्षांनंतर, पदवीधर डॉक्टर खुर्चीत बसून ‘लग्न झालं की सुरळीत होईल’ म्हणतो याचा मला संताप येतो.

मला डॉक्टरांची बाजू ठाऊक आहे. ते म्हणतात, आधीच रुग्ण गोळी घ्यायला तयार नसतो, त्यात हे सांगितलं तर तो उठून जाईल आणि एखादा जीवही देईल. ही भीती खोटी नाही. ओपीडीत एका रुग्णाला पाच मिनिटं मिळतात, हेही खोटं नाही. पण न सांगितल्यामुळे रुग्ण टिकतो, हा समज चुकीचा आहे. त्याला ते तिसऱ्या आठवड्यात स्वतःच कळतं. मग तो कोणालाही न विचारता गोळी सोडतो, आणि ज्यानं लपवलं त्या डॉक्टरकडे परत येत नाही. सांगायला किती वेळ लागतो? ‘या गोळीनं लैंगिक इच्छेवर आणि सुखावर परिणाम होऊ शकतो. बहुतेकांचा तो गोळी थांबल्यावर जातो, थोड्या लोकांचा राहतो. काही जाणवलं तर लाजू नका, लगेच सांगा, आपण गोळी बदलू.’ अर्धा मिनिट. बदलायला पर्यायही आहेत. ब्युप्रोपिऑन आणि मिर्टाझापिन यांनी हा त्रास तुलनेनं कमी होतो. सगळ्यांना त्या चालतील असं नाही, पण निदान विचार तरी रुग्णासमोर व्हावा. आणि गोळी सुरू करण्याआधी, त्याचं लैंगिक आयुष्य तेव्हा कसं आहे हे विचारून कागदावर लिहा. नंतर ‘हे आधीपासूनच होतं’ या वादाला जागा राहणार नाही.

ज्यांना हा त्रास आज आहे, त्यांच्यासाठी माझ्याकडे जादू नाही. तुम्ही खोटं बोलत नाही आहात, वेडे नाही आहात, आणि एकटे तर नाहीच. थायरॉइड, रक्तातली साखर, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन यांच्या तपासण्या करून घ्या, कारण कधीकधी तिथं इलाज होण्याजोगं काही सापडतं. काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी हळूहळू फरक पडल्याच्या नोंदी आहेत. एक डॉक्टर ऐकत नसेल तर दुसरा गाठा. जीव नकोसा झाला तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो.

आणि तक्रार नोंदवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आपल्याकडे आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. फोन १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. रुग्णानं स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही आहे. तिथं नोंदी गेल्या नाहीत, तर ‘भारतात असा त्रास कुणाला होत नाही’ असं उद्या कोणीही छातीठोकपणे म्हणेल. फॉर्म भरताना गोळीच्या बरोबरीनं चूर्णाचं नावही लिहा, मुळीचं लिहा, डबीवरचा बॅच नंबर लिहा. घरात हे सगळं लपवून ठेवलं असेल तरी त्या कागदावर काही लपवू नका.